'इन-हाउस सिक्युरिटी' म्हणजे नेमके कोण, हे सहीपूर्वी लिहून घ्या

प्रश्न : भिवंडीजवळ माझे तीस हजार चौरस फुटांचे गोदाम असून त्यात एका कंपनीचे टीव्ही, फ्रिज वगैरे सामान साठवले जाते. माल उतरवून घेणे, मोजणे, रचून ठेवणे आणि चलनाप्रमाणे परत देणे हे सगळे आम्ही करतो. शटरच्या चाव्याही आमच्याकडेच असतात. चार वर्षांपासून एकाच एजन्सीचे पाच गार्ड दोन गेटवर बारा-बारा तासांच्या ड्युटीने आहेत. आता कंपनीने नव्या कराराचा मसुदा पाठवला आहे. त्यात 'गोदामचालक चोवीस तास इन-हाउस सिक्युरिटी ठेवील आणि तिच्या अभावी अथवा तिच्यातील त्रुटीमुळे झालेल्या सर्व नुकसानीस पूर्णपणे जबाबदार राहील' असे कलम आहे. कंपनीचे अधिकारी फोनवर म्हणाले, 'एजन्सी चालेल, हा आमचा नेहमीचा मसुदा आहे.' माझा पुतण्या म्हणतो, याच गार्डना आपल्या नावाचे बिल्ले आणि गणवेश देऊ, म्हणजे झाले इन-हाउस. त्यांना सरळ आपल्याकडे नोकरीला घ्यावे, असेही मनात येते. पण तसे केल्यास प्रत्येक गार्डमागे एक लाख रुपये द्यावे लागतील, असे एजन्सीच्या करारात लिहिले आहे. सही पुढच्या सोमवारी करायची आहे. काय करावे?
— एक गोदामचालक, भिवंडी

उत्तर : मसुदा आहे तसाच असेल, तर सोमवारी सही करू नका. एवढे आधी सांगतो आणि मग कारणांकडे वळतो, कारण तुमच्या पत्रात एक नव्हे, तीन वेगवेगळे करार एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला कंपनीशी, दुसरा एजन्सीशी आणि तिसरा, ज्याचा तुम्ही उल्लेखच केलेला नाही, तो विमा कंपनीशी.

'इन-हाउस सिक्युरिटी' हा शब्द व्यवहारात सर्रास वापरला जात असला, तरी सुरक्षा व्यवसायाचे नियमन करणाऱ्या खासगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियम, २००५ मध्ये त्याची व्याख्या नाही. त्या कायद्याला कर्तव्य आहे ते सुरक्षा पुरवण्याचा धंदा करणाऱ्याशी. जो दुसऱ्याच्या जागेवर गार्ड पुरवतो, त्याला परवाना लागतो आणि परवान्याशिवाय हा धंदा केल्यास एक वर्षापर्यंत कैद, पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. स्वतःच्या गोदामावर स्वतःचा पगारी पहारेकरी बसवणारा मालक हा धंदा करत नाही, म्हणून त्याला तो परवाना लागत नाही. परंतु हेच तुमचे पहारेकरी उद्या शेजारच्या गाळेधारकाकडे किंवा तुमच्याच नात्यातल्या दुसऱ्या फर्मकडे पाठवून तुम्ही त्याचे बिल लावू लागलात, तर तुम्ही नकळत एजन्सीच्या व्याख्येत शिराल. गोदामांच्या पट्ट्यात असे शेजारधर्माचे व्यवहार सहज होतात, म्हणून आधीच सावध करतो.

'इन-हाउस' या शब्दाच्या सर्वांत जवळ जाणारी कायद्याची भाषा सापडते ती आपल्या राज्याच्या १९८१ च्या खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण या विषयीच्या अधिनियमात. तो कायदा लागू होतो तो कारखान्यात किंवा आस्थापनेत काम करणाऱ्या, परंतु तिचे थेट आणि नियमित कर्मचारी नसलेल्या सुरक्षा रक्षकांना. 'थेट आणि नियमित' हे दोन शब्द लक्षात ठेवा. त्यामुळे महाराष्ट्रात गोदामावर माणूस ठेवण्याच्या कायदेशीर वाटा तीन होतात. एक, तुमचा स्वतःचा थेट कर्मचारी. दोन, सुरक्षा रक्षक मंडळाकडे नोंदवलेला रक्षक, ज्याचे वेतन आणि त्यावरील लेव्ही (मंडळाची ठरावीक आकारणी) तुम्ही मंडळाकडे भरता आणि मंडळ त्याला पगार देते. तुमच्या भागासाठी बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्याचे मंडळ आहे. तीन, एजन्सीचा रक्षक. पण त्यासाठी त्या एजन्सीकडे २००५ च्या कायद्याचा परवाना तर हवाच, शिवाय तिच्या रक्षकांना मंडळाच्या योजनेतून शासनाने दिलेली सूटही हवी. रक्षकांना मिळणारे लाभ एकंदरीत मंडळाच्या लाभांपेक्षा कमी नाहीत असे शासनाचे मत झाले, तरच ही सूट दिली जाते. तुमच्या एजन्सीने चार वर्षांत यातला एक तरी कागद तुम्हाला दाखवला आहे का? नसेल, तर आजच दोन्हीच्या प्रती मागा.

या तिन्हींपैकी पहिली वाट सोडल्यास बाकीच्या दोन्हींना 'इन-हाउस' म्हणणे कठीण आहे. म्हणजे कंपनीच्या कलमाचा साधा, व्यवहारातला अर्थ लावला, तर आज तुमच्याकडे इन-हाउस सुरक्षा नाही आणि सही केल्या दिवसापासूनच तुम्ही कराराचा भंग करत असाल. चोरी होईपर्यंत हे कोणाच्या लक्षात येणार नाही. चोरी झाली की मात्र कंपनीच्या वकिलाला दुसरे काही सिद्ध करावेच लागणार नाही. 'इन-हाउस सुरक्षा होती का, नव्हती', एवढ्यावरच तो थांबेल.

अधिकाऱ्यांनी फोनवर दिलेल्या आश्वासनावर विसंबून राहू नका. ते प्रामाणिकपणे बोलले असतील, याबद्दल मला शंका नाही. परंतु करार लेखी झाला की त्याच्या अटींना छेद देणारे तोंडी बोलणे पुरावा म्हणून सामान्यतः ग्राह्य धरले जात नाही, हा आपल्या पुराव्याच्या कायद्याचा जुना नियम आहे आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. ते अधिकारी दोन वर्षांनी त्या खुर्चीत असतील की नाही, हेही कोणी सांगू शकत नाही. संदिग्ध शब्दाचा अर्थ मसुदा लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावतात, असे तुम्हाला कोणी सांगेल. तसे तत्त्व आहे. पण न्यायालय त्याकडे वळते ते अर्थ लावण्याचे बाकीचे मार्ग खुंटल्यावर, आणि तोवर तुमची चार वर्षे तारखांत गेलेली असतात.

आता पुतण्याच्या सूचनेविषयी. ती चांगल्या हेतूने केलेली असली, तरी तिन्ही पर्यायांत सर्वांत धोक्याची तीच आहे. मालक कोण, हे बिल्ल्यावरून ठरत नाही. एअर इंडियाच्या कँटीनमधील कामगारांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या प्रश्नाच्या कसोट्या एकत्र मांडल्या : नेमणूक कोण करतो, पगार कोण देतो, कामावरून काढण्याचा अधिकार कोणाचा, शिस्तभंगाची कारवाई कोण करतो, नोकरीत सातत्य आहे का, आणि नियंत्रण व देखरेख पूर्णपणे कोणाची आहे. तुमच्या गेटवरच्या एखाद्या गार्डला या कसोट्या लावून पाहा. त्याच्या हजेरीपटाच्या डोक्यावर कोणाचे नाव छापलेले आहे? त्याच्या खात्यात पगार कोणाकडून जमा होतो? तो गावी गेला की बदली माणूस कोण पाठवतो आणि रात्री झोपलेला सापडला तर त्याला मेमो कोण देतो? ही सगळी उत्तरे 'एजन्सी' अशी असतील, तर छातीवर तुमच्या गोदामाचे नाव लावून तो तुमचा कर्मचारी होत नाही. रोजची कामे तुमचा सुपरवायझर सांगतो, एवढ्यानेही होत नाही. काम कसे करायचे हे सांगणे वेगळे आणि नोकरीवर हुकमत असणे वेगळे, हा फरक न्यायालयांनी अनेकदा केलेला आहे.

मात्र हे बिल्ले तुमच्याच विरुद्ध वापरले जाऊ शकतात. कंपनीपुढे ते तुम्हाला वाचवणार नाहीत, कारण खरा मालक एजन्सीच आहे हे पगारपत्रकावरून उघड होईल. उद्या गार्डने 'मी पहिल्यापासून तुमचाच कामगार होतो, एजन्सी नावापुरती होती' असा दावा केला, तर तोच बिल्ला, तुम्ही मंजूर केलेली रजा आणि तुम्ही दिलेला मेमो त्याच्या बाजूने पुरावा म्हणून उभे राहतील. इतक्यावर थांबत नाही : वस्तुस्थिती ठाऊक असताना कंपनीला 'हे आमचे इन-हाउस रक्षक' असे दाखवणे ही दिशाभूल ठरते. अशा कराराला कंपनी आव्हान देऊ शकते, आणि तुमचे नावही जाते. तो विचार सोडून द्या.

कलमाचा उत्तरार्ध, म्हणजे 'सर्व नुकसानीस पूर्णपणे जबाबदार', हा मला 'इन-हाउस' या शब्दापेक्षाही जड वाटतो. तुम्ही नुसती जागा भाड्याने दिलेली नाही. माल तुमच्या ताब्यात आहे, चाव्या तुमच्याकडे आहेत, म्हणून भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या भाषेत ही बेलमेंट आहे, म्हणजे दुसऱ्याचा माल परत देण्याच्या बोलीवर सांभाळणे. त्या कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या तशाच मालाची जेवढी काळजी घेईल, तेवढी तुम्ही घेतली पाहिजे. कलम १५२ सांगते की तेवढी काळजी घेऊनही माल गेला, तर, वेगळा करार नसल्यास, तुम्ही जबाबदार नाही. 'वेगळा करार नसल्यास' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कंपनीचे कलम म्हणजे नेमका तो वेगळा करार आहे. त्यावर सही केली की कायद्याने तुम्हाला दिलेले संरक्षण तुम्ही आपल्या हाताने सोडून देता, आणि गोदामचालकाचे मालाच्या विमा कंपनीत रूपांतर होते, तेही हप्ता न मिळता.

येथे एक गैरसमज दूर करतो. एजन्सी ठेवली की जबाबदारी तिच्यावर ढकलता येते, असे अनेकांना वाटते. कंपनीने माल तुमच्या स्वाधीन केलेला आहे, एजन्सीच्या नव्हे. काळजी घेण्याचे काम तुम्ही कोणाकडूनही करवून घ्या, कंपनीला उत्तर तुम्हीच द्यायचे. एजन्सीकडून तुम्हाला फार तर तुमची भरपाई वसूल करता येईल आणि तीही तुमच्या तिच्याशी असलेल्या करारात जेवढी लिहिली असेल तेवढीच. तो करार काढून पाहा. जबाबदारी एका महिन्याच्या बिलापुरती मर्यादित केलेली असेल, तर कंपनीकडे तुमची जबाबदारी अमर्याद आणि एजन्सीची फक्त एका बिलापुरती, अशा कात्रीत तुम्ही आज सापडलेले आहात.

आता गार्डना नोकरीवर घेण्याचा पर्याय. तो मला मनापासून आवडतो. पण त्याचा हिशेब कागदावर मांडूनच निर्णय घ्या. एका गेटवर चोवीस तास माणूस हवा, म्हणजे आठवड्याला १६८ तास. एका माणसाचे कायदेशीर साप्ताहिक काम ४८ तासांचे. भागाकार केला तर एका गेटला साडेतीन माणसे येतात, दोन गेटना सात. आज तुमच्याकडे पाच आहेत. हा फरक बारा तासांच्या ड्युटीने भरून निघतो. बारा तासांची ड्युटी सहा दिवस म्हणजे आठवड्याला ७२ तास, त्यातले २४ तास ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइमचा दर दुप्पट. शिवाय दर तिमाहीच्या ओव्हरटाइमला कायद्याने मर्यादा घातलेली आहे आणि आठवड्याला २४ तास त्या मर्यादेत बसत नाहीत. एजन्सीचे बिल इतके स्वस्त कसे पडते, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल, तर पाणी बहुतेक येथेच मुरते. रात्री आठ ते सकाळी आठ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आवक-जावक रजिस्टर सांभाळणाऱ्या माणसाला पहाटे चारला डुलकी लागली, तर दोष एकट्या त्याचा नसतो. आणि कंपनीच्या कलमातली 'त्रुटी' नेमकी पहाटे चारलाच घडते.

ही बाब एजन्सीची आहे म्हणून तुम्ही हात झटकू शकत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे प्रत्यक्ष मालकाने पगार दिला नाही, तर ज्याच्या आस्थापनेत तो कामगार काम करतो त्याच्यावर ती जबाबदारी येते. म्हणून एजन्सी ठेवायची असो वा नसो, यापुढे दर महिन्याच्या बिलासोबत मागील महिन्याचे पगारपत्रक आणि पीएफ-ईएसआयची चलने मागा आणि ती आल्याशिवाय बिल मंजूर करू नका. तशी अट एजन्सीच्या करारात नसेल, तर घालून घ्या. पहारा कंत्राटाने देण्यास मात्र हरकत नाही. कंत्राटी कामगारांविषयीच्या नव्या संहितेत आस्थापनेच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावण्यावर बंधन असले, तरी पहारा आणि सुरक्षा, तोच आस्थापनेचा व्यवसाय नसेल तर, मुख्य काम धरलेले नाही.

एक लाखाच्या अटीला घाबरून जाऊ नका, पण तिच्याकडे दुर्लक्षही करू नका. गार्डने एजन्सी सोडल्यावर इतरत्र नोकरी करू नये, असे बंधन एजन्सीने त्याच्यावर घातले असेल, तर करार अधिनियमाच्या कलम २७ मुळे ते टिकत नाही. माणसाला पोट भरण्यापासून अडवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तुम्ही व्यावसायिक म्हणून एजन्सीला दिलेला शब्द ही मात्र निराळी गोष्ट आहे. दोन कंपन्यांमधील अशाच एका अटीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये 'आमची माणसे फोडू नका' ही अट कलम २७ खाली बाद ठरत नाही, असे म्हटले. मात्र जी माणसे नव्या ठिकाणी रुजू झाली आहेत त्यांना तेथून हटवण्यास नकार दिला आणि भरपाईचा मार्ग खुला ठेवला. भरपाई किती, हे कलम ७४ ठरवते : करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय वाजवी तेवढीच देते. गार्डच्या प्रशिक्षणावर आणि भरतीवर एजन्सीचा प्रत्यक्ष खर्च किती झाला, त्याच्या जाण्याने तिचे किती नुकसान झाले, यावर ती चर्चा होईल. चार वर्षे एकाच गेटवर बसलेल्या माणसासाठी एक लाख वाजवी ठरणे मला कठीण दिसते. तरीही न्यायालयात जाण्यापेक्षा एजन्सीच्या मालकाला बोलावून चहावर बोला, नोटिशीची मुदत पाळा, काही रक्कम ठरवा आणि ना हरकत पत्र लेखी घ्या.

त्या पाच जणांच्या बाबतीत एक विनंती. त्यांना घेणार असाल, तर आधी त्यांचा एजन्सीकडील शेवटचा पगार, रजेचे पैसे आणि देय असल्यास ग्रॅच्युइटी हातात पडली आहे, याची खात्री करा, आणि पीएफचे जुने खाते नव्या नोकरीशी जोडून द्या. चार वर्षांची नोकरी एका रात्रीत पुसली जाऊ नये. नेमणूकपत्र मराठीत द्या आणि त्यात ड्युटीचे तास स्पष्ट लिहा. त्यांच्या पोलीस पडताळणीची कायद्याने सक्ती असो वा नसो, ती करून घ्या, कारण उद्या 'सामान्य शहाणपणाची काळजी' दाखवायची वेळ आली, तर तो कागद उपयोगी पडेल.

विम्याकडे वळतो. तुमच्या घरफोडीच्या पॉलिसीत 'चोवीस तास पहारा' अशी हमी दिलेली असेल, तर पहारेकरी बदलण्याच्या धांदलीत एक रात्रही गेट रिकामे राहता कामा नये; हमीचा भंग झाला की दावा नाकारण्यास निमित्त मिळते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कुंपणानेच शेत खाल्ले, म्हणजे चोरीत तुमचाच कर्मचारी सामील निघाला, तर घरफोडीच्या पॉलिसीतून सहसा काही मिळत नाही, कारण कर्मचाऱ्यांचा आणि कामानिमित्त जागेवर असलेल्या इतरांचा हात असलेली चोरी तिच्यातून वगळलेली असते. त्यासाठी फिडेलिटी गॅरंटी नावाची वेगळी पॉलिसी असते आणि ती मुळात कर्मचाऱ्यांच्या अप्रामाणिकपणासाठी आहे. एजन्सीची माणसे त्यात घालायची असतील तर तसे वेगळे लिहून घ्यावे लागते. म्हणजे गार्ड एजन्सीचे की तुमचे, या एका गोष्टीने कोणती पॉलिसी लागू पडते हेच बदलते. नेमणूकपत्रे देण्यापूर्वी विमा एजंटला बोलावून दोन्ही पॉलिसी समोर ठेवा.

तर सोमवारपूर्वी एवढे करा. कंपनीला ईमेल लिहून व्याख्येच्या कलमात पुढील वाक्य घालण्याची विनंती करा : 'या करारात इन-हाउस सिक्युरिटी म्हणजे गोदामचालकाने स्वतः नेमलेले पहारेकरी, अथवा २००५ च्या अधिनियमाखाली वैध परवाना असलेल्या आणि १९८१ च्या राज्य अधिनियमाची पूर्तता केलेल्या संस्थेमार्फत किंवा सुरक्षा रक्षक मंडळामार्फत गोदामावर तैनात असलेले रक्षक.' अधिकाऱ्यांच्या फोनवरच्या बोलण्याचा त्यात उल्लेख करा. 'एजन्सी चालेल' हे त्यांचेच म्हणणे असल्यामुळे हे वाक्य स्वीकारण्यात त्यांना अडचण असू नये, आणि त्यांनी नकार दिला तर फोनवरच्या आश्वासनाची किंमत तुम्हाला सहीपूर्वी कळेल. जबाबदारीच्या कलमासाठी असे सुचवा : 'गोदामचालकाच्या किंवा त्याने तैनात केलेल्या रक्षकांच्या निष्काळजीपणामुळे अथवा अप्रामाणिकपणामुळे मालाचे प्रत्यक्ष नुकसान झाल्यास, मालाच्या खरेदी किमतीपुरती आणि एका घटनेसाठी ठरवलेल्या कमाल रकमेपर्यंत, गोदामचालक जबाबदार राहील.' ती कमाल रक्कम तुमच्या विम्याच्या रकमेइतकी ठेवा, तिच्याहून एक रुपयाही अधिक नको.

कंपनी व्याख्येवर अडून बसली आणि थेट कर्मचारीच हवेत म्हणाली, तर नव्वद दिवसांची मुदत मागा. तोवरची एजन्सी-व्यवस्था मान्य असल्याचे करारातच लिहून घ्या आणि सात माणसांच्या पगाराचा बोजा साठवणुकीच्या दरात धरून दर पुन्हा ठरवा. ही मागणी रास्त आहे, कारण जी सुरक्षा कंपनीला हवी आहे तिची किंमत तिने मोजली पाहिजे. कंपनीने व्याख्या मान्य केली पण जबाबदारीला मर्यादा घालण्यास नकार दिला, तर मात्र मसुदा, दोन्ही पॉलिसी आणि एजन्सीचा करार असे चारही कागद घेऊन वकिलाकडे जा आणि सोमवारची तारीख पुढे ढकला.